डोक्यावरून ओला हात

नमाजाआधीच्या वजूत तीन ठिकाणी धुणे आहे आणि एकाच ठिकाणी पुसणे. तोंड धुवा, हात कोपरापर्यंत धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा, पाय घोट्यापर्यंत धुवा. कुराणातल्या सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत हा हुकूम आला आहे. डोक्यावरून हात फिरवण्याला मसह म्हणायचे. सगळ्यात कमी पाणी आणि सगळ्यात कमी वेळ लागतो तो या मसहला, आणि आपल्या घरात सगळ्यात जास्त कुजबुज होते तीही त्याच्यावरूनच. आपण कोकणातले, म्हणून शाफई. नातसून साताऱ्याची, म्हणजे हनफी. मुंबईच्या जागेत वरच्या मजल्यावर इस्ना अशरी शिया राहतात. तिघांचे हात डोक्यावरून तीन तऱ्हांनी फिरतात आणि मग पोरे मला येऊन विचारतात, दादी, खरे कुणाचे?

पोरांनो, खरे कुणाचे हा प्रश्न आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसांनी हाताळला आहे. आयतीत 'डोक्याला' हात फिरवा असे आहे, पण संपूर्ण की थोड्या, याचे त्या अरबी वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. मदीनेचे इमाम मालिक म्हणाले, पूर्ण डोके. त्यांच्यापाशी शिकलेले आपले इमाम शाफई म्हणाले, थोडासा भाग भिजला तरी फर्ज, म्हणजे बंधनकारक तेवढे, पुरे. आणि शाफईंपाशी शिकलेले इमाम अहमद बिन हंबल यांचे प्रसिद्ध मत पुन्हा पूर्ण डोक्याचेच. गुरूने एक सांगितले, शिष्याने दुसरे, त्या शिष्याच्या शिष्याने पुन्हा पहिले, आणि एकाच्याही मनातला दुसऱ्याचा मान कमी झाला नाही. इमाम अबू हनीफांनी मधले माप धरले, डोक्याचा चौथा हिस्सा. ते वारले इ.स. 767 मध्ये, आणि त्याच वर्षी इमाम शाफई जन्मले. घाटावरच्या मुसलमानांनी बहुतेक करून अबू हनीफांची वाट धरली. आपल्या बंदरांवर अरब व्यापारी येत राहिले, त्यांच्याबरोबर शाफई मजहब आला आणि किनाऱ्यावर रुजला. भटकळपासून केरळपर्यंत तोच आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी, 1431 मध्ये वारले ते, शाफईच होते.

तेव्हा पहिला कानमंत्र हा. फर्ज किती ते माहीत असू द्या, पण हात मात्र सुन्नतीप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या रीतीप्रमाणे, फिरवा. फर्ज अडचणीसाठी आहे. आगगाडीत, दवाखान्यात, कचेरीच्या बेसिनपाशी, बाटलीत चार घोट पाणी उरले असताना फर्ज कामाला येते. एरवी घरात नळाला पाणी असताना दोन बोटे केसांना टेकवून पळणारा पोरगा मला आवडत नाही. त्याची वजू होते, यात शंका नाही. पण हदीसमध्ये पैगंबरांची (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) जी पद्धत आली आहे ती पूर्ण डोक्याची आहे. अब्दुल्ला बिन जैद यांनी ती करून दाखवली, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे: दोन्ही हात कपाळापासून मागे मानेपर्यंत न्यायचे आणि जिथून निघाले तिथे परत आणायचे.

हे करायचे कसे, ते नीट लक्षात ठेवा. दोन्ही तळवे ओले करा आणि हलकेच झटका. पाणी ठिबकत असेल तर ते मसहसाठी जास्तच आहे. दोन्ही तर्जन्यांची टोके कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे, एकमेकींना भिडवा. अंगठे कानशिलांवर ठेवा. आता हात मागे न्या, मानेच्या खळग्यापर्यंत, आणि तसेच पुढे आणा. पुढे आणण्याचे कारण आहे. हात मागे जाताना केसांची एकच बाजू ओली होते, परतताना केस उलटतात आणि दुसरी बाजू ओली होते. म्हणून जाणे-येणे मिळून एकच मसह धरतात, दोन नव्हेत. आपल्या शाफई पुस्तकांत तर असेही आहे की ज्याला टक्कल आहे, किंवा ज्याचे केस वेणीत घट्ट बांधल्यामुळे उलटतच नाहीत, त्याने हात परत आणायची गरज नाही. दादाजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या टकलावरून हात फिरवून म्हटले होते, चला, म्हातारपणी एक फेरी वाचली.

शाफईंकडे हे तीन वेळा करणे सुन्नत आहे, हनफींकडे एकदाच. नातसून एकदाच करते म्हणून तिच्याकडे डोळे वटारायचे नाहीत आणि तिनेही तुमच्या तीन फेऱ्या मोजत बसायचे नाही.

मकतबात हनफी पोरांना अजून एक तऱ्हा शिकवतात. तीन-तीन बोटे पुढून मागे, मग तळवे मागून पुढे, तर्जनी आणि अंगठा कानांसाठी राखून ठेवलेले. पोरांना बोटांची ही कसरत जमत नाही आणि ती रडकुंडीला येतात. त्यांना सांगा, बोटे अशी वेगळी धरणे बंधनकारक नाही. हनफी जाणकारांनीही तसे म्हटले आहे. साधा पूर्ण हात फिरवला तरी मसह होतो.

आता पाण्याचे. आपल्याकडे डोक्यासाठी हात नव्याने ओला करायचा. तोंडावरून किंवा हातांवरून ओघळलेले पाणी एकदा फर्ज धुण्यात वापरले गेले की ते वापरलेले पाणी झाले. ते नापाक नाही, पण दुसऱ्या अवयवाला पाक करत नाही. हनफींकडे हात धुतल्यावर तळव्यावर उरलेली ओल डोक्याला चालते, नवे पाणी घेतले तर उत्तमच. आणि वरच्या मजल्यावरच्या शिया शेजाऱ्यांकडे नेमके उलटे: त्यांनी हातावर उरलेल्या ओलीनेच डोक्याच्या पुढच्या भागाचा मसह करायचा असतो, नवे पाणी घेतले तर तो होत नाही. त्यांचे पायही धुवायचे नसतात, त्यांच्यावरही ओला हातच. म्हणून त्यांच्याकडचे कुणी आपल्याकडे वजूला बसले तर 'अहो, पाणी घ्या की' म्हणून त्यांच्या हातावर तांब्या ओतू नका. पाहुणचार म्हणून ओतलेले पाणी त्यांची वजू बिघडवते.

कान डोक्याला लागूनच घ्यायचे. तर्जनीचे टोक कानाच्या वळ्यांतून आणि अंगठा कानाच्या मागून. शाफईंकडे कानांसाठी पुन्हा नवे पाणी, हनफींकडे डोक्याचेच पाणी पुरते. हंबलींकडे कान हे डोक्याचाच भाग असल्यामुळे त्यांच्यावरून हात फिरवणे फर्जात येते. मानेवर उलटा हात फिरवायची सवय घाटावरच्यांची आहे. आपले इमाम नववी यांनी ती सुन्नत मानलेली नाही. गळ्यावरून हात फिरवणे तर हनफींकडेही पसंत केलेले नाही. कुणी मान पुसली म्हणून वजू मोडत नाही, तेव्हा यावर घसा कोरडा करू नका.

मुलींनो, तुमच्यासाठी थोडे जास्त बोलते, कारण तुम्हाला घराबाहेर पडल्यावर ज्या अडचणी येतात त्या मुलग्यांना येत नाहीत. शाफईंकडे एका केसाचा काही भाग ओला झाला तरी फर्ज होते असे पुस्तकात वाचून तुमच्यातल्या एकीने स्कार्फमधून बाहेर आलेल्या वेणीच्या शेंड्याला ओले बोट लावले आणि झाले म्हणाली. नाही झाले. तो केस डोक्याच्या हद्दीत असला पाहिजे. म्हणजे केस खाली ओढला तरी जेवढा भाग डोक्यावर राहतो तेवढ्यावरच मसह लागू होतो. पाठीवर लोंबणारी वेणी डोक्याच्या हद्दीबाहेर गेली. अंबाड्यात गुंडाळून वर बांधली म्हणून ती हद्दीत येत नाही, सोडली की खालीच येणार. हनफींकडेही लोंबत्या केसांवरचा मसह डोक्याचा धरत नाहीत.

तेव्हा कचेरीत, कॉलेजात, जिथे स्कार्फ उतरवता येत नाही तिथे ओली बोटे कपाळाच्या बाजूने स्कार्फच्या आत घाला आणि केसांच्या मुळांपाशी फिरवा. शाफई मुलीचे फर्ज तेवढ्याने पुरे. हनफी मुलीने हात आणखी आत न्यायचा, चौथा हिस्सा भिजेपर्यंत. पिना कुठे लावायच्या ते सकाळीच ठरवा, म्हणजे दुपारी जोहरला अर्धा तास आरशापुढे जाणार नाही. कापडावरून हात फिरवून भागत नाही. कापड इतके पातळ असेल आणि हात इतका ओला की ओल खाली केसांना लागली, तरच फर्ज होते, आणि ते कोण तपासून पाहणार?

खोबरेल तेलाची धास्ती बाळगू नका. कोकणातल्या बाईला तेल सोडून मसह करायला सांगणे म्हणजे जेवणातून नारळ काढायला सांगण्यासारखे. तेलाचा थर बसत नाही, पाणी त्याच्यावर थेंब धरते एवढेच. हात ओला फिरला, झाले. मेंदीचा रंगही अडवत नाही, केस काळे करायच्या रंगाचेही तसेच. अडवते ती ओली मेंदी, डोक्यावर लेप थापलेला असतो ती. लेपावरून हात फिरवून केस भिजत नाहीत. शुक्रवारच्या दुपारी मेंदी थापायची आणि मग असरची अजान झाल्यावर धावपळ करायची, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. नमाजाच्या वेळा बघून मेंदी लावा.

पुरुषांत आता केसांचे पॅच चिकटवायची टूम निघाली आहे. त्या नकली केसांवरचा मसह धरला जात नाही. शाफई माणसाने बाजूच्या किंवा मागच्या आपल्या खऱ्या केसांवर हात फिरवावा, त्याचे भागते. हनफी माणसाने खरे डोके चौथाईभर उघडे आहे का ते पाहावे. टोपी, पटका, फेटा यांचेही तेच. हदीसमध्ये आहे की पैगंबरांनी (स.) एका प्रवासात डोक्याच्या पुढच्या भागावर आणि मग पगडीवर हात फिरवला. मुगीरा बिन शुअबा यांनी सांगितलेली ही गोष्ट मुस्लिमच्या संग्रहात आहे. हनफींचे चौथ्या हिश्श्याचे माप याच्यावरूनच आले. आपले शाफई म्हणतात, थोड्या केसांवर हात फिरवून फर्ज करा आणि मग पूर्ण डोक्याची सुन्नत पगडीवरून पुरी करा. नुसत्या पगडीवर मात्र आपल्याकडे नाही, हनफींकडेही नाही.

डोके कुठे सुरू होते हेही माहीत पाहिजे. माणसाचे केस सामान्यपणे जिथून उगवतात तिथून. दादाजींचे कपाळ मागे मागे सरकत टाळूपर्यंत गेले होते, म्हणून त्यांना टाळूपर्यंत तोंड धुवावे लागत नव्हते. इतरांचे केस जिथून सुरू होतात तिथपर्यंत तोंड, त्याच्या वर डोके. कानशिलांवरचे केस डोक्यात धरायचे. तोंड पुरते धुतले जावे म्हणून केसांच्या कडेवर थोडे पाणी जातेच. ते गेले म्हणून मसह उरकला असे समजू नका, शाफईंकडे क्रम फर्ज आहे आणि डोक्याची पाळी हातांनंतरची.

या क्रमावरून एक अडचण नेहमी उद्भवते. घाईत हात धुतले, पाय धुतले आणि आठवले की डोके राहिले. शाफईने आता डोक्याचा मसह करून पाय पुन्हा धुवायचे. हनफींकडे क्रम सुन्नत आहे, त्यांनी नुसता मसह केला तरी वजू झाली. नमाजात उभे राहिल्यावर पक्के आठवले, तर मात्र दोघांनीही नमाज सोडून जायचे. पावसाची एक गंमत आहे. हनफी माणूस आपल्या आषाढातल्या पावसात सापडला आणि डोके भिजले, तर त्याचे डोक्याचे फर्ज होऊन गेले, हात फिरवला नसला तरी. शाफईंकडे नीयत आणि क्रम दोन्ही लागतात, त्यामुळे चिंब भिजून आलात तरी वजूला बसा.

आणि नुसती शंका आली तर? वजू चालू असताना वाटले, डोके राहिले की काय, तर हात फिरवून घ्या. वजू उरकून उठलात आणि मग शंका आली, तर तिला भीक घालू नका. तीच ती वजू चार-चार वेळा करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वसवसा आहे तो, दीनदारी नाही. ज्या अवयवाला अल्लाहने धुण्यातून सूट देऊन पुसण्यावर आणले, त्याच्यावर घागर ओतत बसायचे आणि सर्दी ओढवून घ्यायची, याला काय म्हणावे? मसहऐवजी डोके धुतले तरी शाफईंकडे फर्ज होते, पण सुन्नत ती नव्हे, आणि हनफींकडे ते नापसंत आहे.

गुस्लची, म्हणजे फर्ज अंघोळीची गोष्ट वेगळी, तिची मसहशी गल्लत करू नका. तिथे पाणी केसांच्या मुळांपर्यंत गेलेच पाहिजे, ओला हात उपयोगाचा नाही. आणि पाण्याअभावी तयम्मुम केलात तर त्यात डोके नाहीच. मातीचा हात तोंडावर आणि हातांवर, बस. कित्येक जण सवयीने डोक्यावरूनही धूळ फिरवतात.

डोक्याला टाके पडले, पट्टी बांधली, तर घाबरायचे नाही. थोडासा भाग उघडा असेल तर शाफईने त्याच्यावर हात फिरवावा, तेवढे पुरे. हनफीने चौथाई उघडी असेल तर तिच्यावर, नाहीतर पट्टीवरून. सबंध डोके बांधलेले असेल तर शाफईंकडे पट्टीवरच्या मसहबरोबर तयम्मुमही लागतो, ते तेव्हा मौलवीसाहेबांना विचारून करा. केमोथेरपीत केस गेलेल्या बाईने उघड्या कातडीवर हात फिरवला की झाले. वजूनंतर केस कापले किंवा डोके भादरले तरी मसह पुन्हा करावा लागत नाही.

हजला जाणाऱ्यांनी हे मात्र गाठीला बांधून न्यावे. शाफईंकडे परक्या स्त्री-पुरुषांच्या कातडीला कातडी लागली की वजू तुटते. काबेभोवतीच्या तवाफच्या गर्दीत ते टाळणे जवळपास अशक्य. म्हणून कोकणातल्या हाजींना सांगतात की या एका बाबतीत हनफींचे मत धरा, त्यांच्याकडे स्पर्शाने वजू जात नाही. ठीक आहे. पण तसे धरले तर वजूही हनफींच्या हिशेबाने पुरी झाली पाहिजे. चार केसांवर बोट टेकवून शाफईंची सवलत घेतली आणि वर स्पर्शाची हनफींची सवलत घेतली, तर ती वजू दोघांच्याही हिशेबात बसत नाही. शाफई म्हणणार स्पर्शाने तुटली, हनफी म्हणणार मसहच अपुरा. याला तल्फीक म्हणतात आणि पुस्तकांत त्याचे उदाहरण म्हणून हेच दिलेले असते. म्हणून मक्केत पूर्ण डोक्याचा मसह करा, कानांसकट. हनफींकडे वाहत्या रक्ताने वजू जाते, तेही मग तुम्हाला पाळायचे आहे. एहराममध्ये असताना हात अलगद फिरवा, केस ओढून उपटला गेला तर शाफईंकडे फिदया, म्हणजे भरपाई, लागतो.

राहता राहिली पाण्याची भांडी. जुन्या मशिदींत हौज असतो. मुंबईची जामा मशीद, आपल्या कोकणी जमातीची, 1802 मध्ये बांधून पुरी झाली ती तर जिवंत झऱ्यांच्या तळ्यावरच उभी आहे आणि त्या तळ्यात मासे आहेत. तिथे हात बुडवायला भ्यायचे कारण नाही. शाफईंकडे कुल्लतैन, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दोनशे लिटर किंवा जास्त पाणी असले की ते वापरलेले धरत नाहीत. बादलीची गोष्ट निराळी. तोंड धुऊन झाल्यावर, हात धुण्याआधी, बादलीत हात घालायचा तर मनात पाणी काढून घेण्याची नीयत पाहिजे, नाहीतर बादलीभर पाणी वापरलेले ठरते. त्यापेक्षा तांब्या वापरा. डोक्याची पाळी येते तेव्हा हात धुऊन झालेले असतात, तेव्हा बोटे बुडवली तरी हरकत नाही.

आणि नळ. हदीसप्रमाणे पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, ते आजचे पाऊण लिटरच्या आसपास. आपल्याकडे एवढे पाणी नुसता नळ सोडून बाही वर सरकवेपर्यंत वाहून जाते. पागोळ्यांखाली घागरी भरणाऱ्या आपल्या कोकणात वैशाखात टँकर येतो. डोक्यावरून आणि कानांवरून हात फिरत असतो तेव्हा नळाच्या पाण्याचे काहीच काम नसते. हात ओला केलात की नळ बंद करा, आणि पाय धुवायच्या वेळी पुन्हा सोडा.